हिरवं चिन्ह

न्यूयॉर्क, २ ऑगस्ट २०१६, सकाळी ११. उरले ७० दिवस.

सॅमसंग कंपनी आपला नवा फोन मंचावर आणते. नाव गॅलेक्सी नोट ७. पडदा ५.७ इंचांचा, दोन्ही कडांना वळलेला. सोबत लेखणी. डोळ्याच्या बुबुळावरून मालक ओळखण्याची सोय. फोन पाण्यात पडला तरी बिघडणार नाही अशी बांधणी. भारतात त्या वेळी रात्रीचे साडेआठ वाजले आहेत.

बॅटरी ३,५०० एमएएचची. आधीच्या नोट ५ मध्ये ती ३,००० एमएएचची होती. नव्या फोनची जाडी ७.९ मिलिमीटर आहे.

नोट ४ पर्यंत मागचं झाकण नखानं उघडायचं आणि बॅटरी हातात यायची. नोट ५ पासून ते झाकण बंद झालं. नोट ७ मध्येही फोन आणि बॅटरी वेगळे करणं मालकाच्या हातात नाही. त्या सकाळी याकडे कुणी धोका म्हणून पाहत नाही.

नवी दिल्ली, ११ ऑगस्ट. उरले ६१ दिवस.

भारतातली किंमत जाहीर होते: ५९,९०० रुपये. आगाऊ नोंदणी २२ ऑगस्टपासून, प्रत्यक्ष विक्री २ सप्टेंबरपासून. लोक नावं नोंदवून ठेवतात.

सोल, १९ ऑगस्ट. उरले ५३ दिवस.

दक्षिण कोरिया, अमेरिका आणि आणखी काही देशांत विक्री सुरू होते. मागणी पुरवठ्यापेक्षा जास्त आहे. अमेरिकेत आगाऊ नोंदणी केलेल्यांना मनगटावरचा फिटनेस पट्टा किंवा २५६ जीबीचं मेमरी कार्ड मोफत आहे. घरी आल्यावर लोक जुन्या फोनमधले नंबर, फोटो, बँकेची अ‍ॅप्स नव्या फोनमध्ये आणतात. त्यात एखादी संध्याकाळ जाते. ही संध्याकाळ पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

दक्षिण कोरिया, २४ ऑगस्ट. उरले ४८ दिवस.

जळालेल्या नोट ७ चा पहिला फोटो लोकांसमोर येतो. विक्रीचा हा सहावा दिवस. एका कडेनं फोन काळा पडला आहे, काच वितळल्यासारखी दिसते. चार्जिंगला लावलेला असताना हे झालं, असं सांगितलं जातं.

पुढच्या आठवड्यात असेच आणखी फोटो येतात.

सोल, ३१ ऑगस्ट. उरले ४१ दिवस.

दक्षिण कोरियातल्या मोबाइल कंपन्यांना होणारा नोट ७ चा पुरवठा थांबतो. दर्जाच्या जादा चाचण्या चालू असल्याचं कारण दिलं जातं. ज्यांच्या खिशात फोन आहे त्यांना त्या दिवशी कुठलीही सूचना मिळत नाही.

दुसऱ्या दिवशी, १ सप्टेंबरला, चीनमध्ये विक्री सुरू होते.

सोल, २ सप्टेंबर, संध्याकाळी ५. उरले ३९ दिवस.

सॅमसंगच्या मोबाइल विभागाचे प्रमुख को डाँग-जिन पत्रकारांसमोर येतात. १ सप्टेंबरपर्यंत जगभरातून ३५ तक्रारी आल्या आहेत. कंपनीच्या हिशेबानं १० लाखांत २४ फोन सदोष. विक्री थांबवली जाते. विकलेले आणि दुकानांत पोचलेले मिळून सुमारे २५ लाख फोन बदलून दिले जाणार आहेत.

कारणही सांगितलं जातं: बॅटरीच्या निर्मितीतला दुर्मीळ दोष, ज्यामुळे आतली दोन टोकं एकमेकांना टेकतात.

लिथियम-आयन बॅटरीच्या आत दोन लांब पट्ट्या असतात, एक धन आणि एक ऋण. मध्ये प्लास्टिकचा अतिशय पातळ पडदा ठेवून त्यांची गुंडाळी करतात आणि मऊ पाकिटात बंद करतात. पाकिटात ज्वलनशील द्रव असतो. पडदा कुठे फाटला किंवा दबला की वीज मधल्यामध्ये वाट काढते. त्या जागी उष्णता वाढते, उष्णतेनं रासायनिक क्रिया वाढते, क्रियेनं पुन्हा उष्णता. वायू साठतो, पाकीट फुगतं, फुटतं. एकदा हे चक्र सुरू झालं की फोनचं बटण दाबून ते थांबत नाही. आणि बंद केलेल्या फोनची बॅटरी रिकामी झालेली नसते.

भारतात दुपारचे दीड वाजले आहेत. विक्री आजच सुरू व्हायची होती. ती होत नाही. ज्यांनी नावं नोंदवली होती त्यांच्या हाती हा फोन कधीच पडणार नाही.

चीनमध्ये विकले जाणारे फोन मात्र वगळले जातात. त्यांत दुसऱ्या पुरवठादाराची बॅटरी आहे आणि ती सुरक्षित आहे, असं कंपनी सांगते. बदलून द्यायच्या फोनमध्येही याच दुसऱ्या पुरवठादाराची बॅटरी बसवायचं ठरतं.

भारतीय वाचकांना बॅटरी परत मागवण्याचा एक जुना प्रसंग आठवेल. ऑगस्ट २००७ मध्ये नोकियानं बीएल-५सी या बॅटरीबद्दल इशारा दिला होता. संख्या होती ४ कोटी ६० लाख. लोकांनी झाकण काढलं, बॅटरीवरचा २६ अक्षरांचा क्रमांक वाचला, सदोष निघाली तर बॅटरी तेवढी बदलून घेतली. फोन घरीच राहिला. नोट ७ च्या मालकाला मात्र अख्खा फोन द्यावा लागणार आहे.

अमेरिका, २ सप्टेंबर. उरले ३९ दिवस.

अमेरिकेत अशी वस्तू परत मागवायची तर ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाला सोबत घ्यावं लागतं. घोषणा मात्र आयोगाशिवाय झाली आहे. अधिकृत रिकॉल, म्हणजे परत मागवणी, नसल्यानं दुकानांवर विक्रीबंदीचं कायदेशीर बंधन नाही. कन्झ्युमर रिपोर्ट्स ही ग्राहकांची संस्था त्याच दिवशी अधिकृत रिकॉलची मागणी करते.

तो रिकॉल यायला १३ दिवस लागतील. त्यातल्या पहिल्या आठवड्यात मालकांना एवढंच माहीत आहे की फोन केव्हातरी बदलून मिळेल. तोवर तो वापरायचा की बंद ठेवायचा, हे कुणी ठामपणे सांगितलेलं नाही.

सेंट पीटर्सबर्ग, फ्लोरिडा, ५ सप्टेंबर. उरले ३६ दिवस.

सुट्टीचा दिवस. एक माणूस घरच्यांसोबत जुन्या सामानाच्या विक्रीतून परत येतो. फोन गाडीतच चार्जिंगला आहे. सामान उतरवायला ते घरात जातात. बाहेर येतात तेव्हा जीपनं पेट घेतलेला असतो. सगळे सुरक्षित. आग फोनमधून लागली असं मालक सांगतो. अग्निशमन दलाचा तपास सुरू होतो.

परत मागवण्याची घोषणा होऊन तीन दिवस झाले आहेत.

वॉशिंग्टन, ८ सप्टेंबर. उरले ३३ दिवस.

फेडरल एव्हिएशन अ‍ॅडमिनिस्ट्रेशन प्रवाशांना सांगते: हा फोन विमानात सुरू करू नका, चार्ज करू नका, सामानात टाकून पाठवू नका. ही सूचना आहे, बंदी नाही. एका विशिष्ट फोनचं नाव घेऊन अशी सूचना देणं दुर्मीळ आहे.

नवी दिल्ली, ९ सप्टेंबर. उरले ३२ दिवस.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालय हीच सूचना भारतातल्या प्रवाशांना देतं. भारतात हा फोन विकलेला नाही. पण परदेशात घेतलेले फोन खिशातून येतात. विमानातल्या उद्घोषणांमध्ये पट्टे बांधण्याच्या सूचनेबरोबर आता एका फोनचं नावही ऐकू येऊ लागतं.

त्याच दिवशी अमेरिकी आयोग मालकांना फोन बंद करून वापर थांबवायला सांगतो. दुसऱ्या दिवशी कंपनी जगभरातल्या मालकांना तेच सांगते. पहिल्या घोषणेनंतर आठ दिवसांनी.

१३ सप्टेंबर. उरले २८ दिवस.

अ‍ॅप्टेलिजंट ही कंपनी फोनवरच्या अ‍ॅप्सच्या वापराची मोजणी करते. तिला दिसतं की ज्यांच्याकडे नोट ७ आहे त्यांचा वापर घोषणेच्या दिवशी होता जवळपास तेवढाच आहे.

मालकांकडे कारणं आहेत. बदली फोन अजून दुकानात आलेला नाही. दुसरा फोन घेतला तर लेखणी नाही, एवढा पडदा नाही. सगळं पुन्हा नव्या फोनमध्ये आणण्यात आणखी एक संध्याकाळ जाणार. आणि १० लाखांत २४ हा आकडा. ज्याला तो सांगितला जातो तो स्वतःला उरलेल्या ९,९९,९७६ मध्ये मोजतो.

वॉशिंग्टन, १५ सप्टेंबर. उरले २६ दिवस.

अधिकृत रिकॉल. अमेरिकेतले सुमारे १० लाख फोन. आयोगाचे अध्यक्ष एलियट के आकडे सांगतात: बॅटरी अति तापल्याच्या ९२ तक्रारी, भाजल्याच्या २६, मालमत्तेच्या नुकसानीच्या ५५. त्यांत गाड्यांना आणि एका गॅरेजला लागलेल्या आगी आहेत.

मालकांना तीन वाटा दिल्या जातात. पैसे परत, दुसरा फोन, किंवा नवी बॅटरी असलेला नोट ७.

दक्षिण कोरियात त्या दिवशी चुसॉक आहे, सुगीचा मोठा सण. लोक गावी गेले आहेत.

चीन आणि दक्षिण कोरिया, १८ आणि १९ सप्टेंबर. उरले २३, मग २२ दिवस.

चीनमधून नोट ७ जळाल्याच्या पहिल्या तक्रारी येतात. म्हणजे सुरक्षित म्हणून वगळलेले फोन. १९ तारखेला कंपनी आणि बॅटरीचा पुरवठादार दोघंही सांगतात की उष्णता बाहेरून लागली, दोष बॅटरीत नाही.

त्याच सोमवारी दक्षिण कोरियात अदलाबदल सुरू होते. लोक जुना फोन देतात आणि नवा घेतात. पहिल्या घोषणेपासून १७ दिवस झाले आहेत.

नवा फोन दिसायला तंतोतंत जुन्यासारखा आहे. ओळख पटावी म्हणून दोन खुणा. खोक्याच्या लेबलावर छोटा काळा चौकोन. आणि फोनच्या पडद्यावर वरच्या कोपऱ्यात बॅटरीचं जे चिन्ह आधी पांढरं होतं, ते आता हिरवं.

हिरवं असेल तर फोन सुरक्षित. विमानातल्या सेवकाला, दुकानदाराला, शेजारच्या सीटवरच्या प्रवाशाला एका नजरेत कळावं अशी ही सोय आहे. चीनमधल्या तक्रारींचा तपास पुरता झालेला नाही.

अमेरिका, २१ सप्टेंबर. उरले २० दिवस.

दुकानांत बदली फोन पोचतात. केंटकी राज्यातल्या लुईव्हिलजवळचा एक माणूस एटी अँड टीच्या दुकानातून आपला बदली नोट ७ घेतो. हिरवं चिन्ह तपासतो.

जे परत करायला आलेले नाहीत, त्यांच्यासाठी दक्षिण कोरियात एक वेगळा उपाय सुरू झाला आहे. सॉफ्टवेअर बदलून जुन्या फोनचं चार्जिंग ६० टक्क्यांवर थांबवलं जातं. मालकांचा वापर पुरता थांबणार नाही, हे कंपनीनं गृहीत धरलं आहे.

चेन्नई, २३ सप्टेंबर. उरले १८ दिवस.

सिंगापूरहून चेन्नईला येणारं इंडिगोचं विमान उतरण्याच्या बेतात आहे. डोक्यावरच्या सामानाच्या कप्प्यातून धूर येतो. कर्मचारी अग्निशामक वापरतात, मग तो फोन पाण्यात बुडवून स्वच्छतागृहात ठेवतात. विमान सुखरूप उतरतं.

फोन सॅमसंगचाच, पण नोट २. चार वर्षांपूर्वीचा, या रिकॉलमध्ये नसलेला. हवेत, बंद डब्यासारख्या जागेत, एका बॅटरीचं काय होतं ते त्या विमानातल्या लोकांनी पाहिलेलं असतं. महासंचालनालय कंपनीच्या अधिकाऱ्यांना बोलावून घेतं.

२७ सप्टेंबर. उरले १४ दिवस.

कंपनी जाहीर करते की अमेरिका आणि दक्षिण कोरियात विकलेल्या नोट ७ पैकी ६० टक्क्यांहून जास्त बदलून झाले आहेत. आणि मालकांपैकी ९० टक्के लोक पुन्हा नोट ७ च घेत आहेत.

पैसे परत घेण्याची वाट उघडी आहे. दुसरा फोन घेण्याची वाट उघडी आहे. दहातले नऊ जण तोच फोन मागतात. कारण सांगितलं गेलं आहे, दोष दुरुस्त झाला आहे, खूण दिली आहे. त्यांनी फोनवर विश्वास ठेवला, आणि तो फोन देणाऱ्यांवरही.

३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर. उरले ११, मग १० दिवस.

भारताचं महासंचालनालय निर्बंध सैल करतं. १५ सप्टेंबरनंतर घेतलेला आणि हिरवं चिन्ह असलेला नोट ७ विमानात वापरता येईल.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, दक्षिण कोरियात खुली विक्री पुन्हा सुरू होते.

निकोलसव्हिल, केंटकी, ४ ऑक्टोबर, पहाटे ४. उरले ७ दिवस.

एका माणसाला धुरानं जाग येते. खोली भरली आहे. फोन जळतो आहे. तो बदली फोन आहे, आठवड्याहून जास्त दिवस वापरलेला. चार्जिंगला लावलेला नव्हता. नुसता ठेवला होता.

त्या दिवशी तो रुग्णालयात जातो. उलटीत काळं पडतं. श्वासनलिकांना तीव्र दाह झाल्याचं निदान होतं.

तो कंपनीला कळवतो. नंतर त्याला कंपनीच्या प्रतिनिधीकडून एक मेसेज येतो, जो चुकून त्याच्याकडे आल्याचं वाचताच कळतं. याला थोपवण्याचा प्रयत्न करू का, की म्हणतो ते करू दे, अशा अर्थाचा. तो मेसेज तो स्थानिक वाहिनीला दाखवतो. जगाला ही घटना काही दिवसांनी कळते. मंगळवारी पहाटे ती फक्त त्या घराला ठाऊक आहे.

लुईव्हिल विमानतळ, केंटकी, ५ ऑक्टोबर, सकाळ. उरले ६ दिवस.

साउथवेस्ट एअरलाइन्सचं उड्डाण ९९४, लुईव्हिल ते बाल्टिमोर. विमान अजून गेटपाशीच आहे. प्रवासी आणि कर्मचारी मिळून ७५ जण.

कर्मचारी फोन बंद करायला सांगतात. २१ सप्टेंबरला बदली फोन घेतलेला माणूस आपला नोट ७ बंद करतो आणि खिशात ठेवतो. त्याच्या सांगण्यानुसार बॅटरी तेव्हा ८० टक्क्यांच्या आसपास आहे.

खिशातून आवाज येतो, मग धूर. तो फोन बाहेर काढून खाली टाकतो. राखाडी-हिरवट दाट धूर पसरतो. फोन गालिचा जाळतो आणि खालच्या पृष्ठभागाला डाग पाडतो.

विमान रिकामं केलं जातं. सगळे ७५ जण मुख्य दारातून बाहेर पडतात. कुणाला इजा नाही.

विमान अजून जमिनीवर होतं, दार जवळ होतं. ढगांवर असतं तर उतरायला लागणारी मिनिटं या हिशेबात धरावी लागली असती.

५ ऑक्टोबर, दुपारनंतर.

मालक सांगतो की फोनवर हिरवं चिन्ह होतं. खोक्यावरचा काळा चौकोन फोटोत दिसतो. कंपनी म्हणते की फोन ताब्यात येईपर्यंत तो नवा नोट ७ होता याला दुजोरा देता येत नाही.

अदलाबदल चालूच राहते. त्या संध्याकाळी दुकानांत गेलेल्यांना हिरव्या चिन्हाचे फोन मिळतात. पुढचे चार दिवस मिळत राहतात.

फार्मिंग्टन, मिनेसोटा, ७ ऑक्टोबर. उरले ४ दिवस.

१३ वर्षांच्या मुलीच्या हातात बदली नोट ७ आहे. तो तापतो, वितळू लागतो. तिच्या अंगठ्याला भाजतं.

काही मोबाइल कंपन्या आता ग्राहकांना दुसऱ्या मॉडेलचा फोन घेण्याची मुभा देत आहेत. त्यासाठी मालकाला स्वतः मागावं लागतं.

व्हर्जिनिया, ९ ऑक्टोबर, पहाटे पावणेसहाचा सुमार. उरले २ दिवस.

बिछान्याशेजारच्या छोट्या टेबलावर ठेवलेला बदली नोट ७ पेटतो. झोपलेला मालक जागा होतो. खोलीत धूर आहे.

आठवड्याभरातली ही आणखी एक घटना, आणि दुसरी पहाट.

अमेरिका, ९ ऑक्टोबर, रविवार.

एटी अँड टी आणि टी-मोबाइल बदली नोट ७ देणं थांबवतात. पहिलं पाऊल फोन विकणाऱ्यांनी उचललं आहे. फोन बनवणाऱ्यांनी अजून नाही.

सोल, १० ऑक्टोबर, सोमवार. उरला १ दिवस.

सकाळी बातमी येते की नोट ७ चं उत्पादन तात्पुरतं थांबलं आहे. कंपनी सांगते की दर्जाची खात्री करण्यासाठी उत्पादनाचं वेळापत्रक बदलत आहोत.

ज्याच्या खिशात फोन आहे त्याच्यासाठी या वाक्यात कुठलीही सूचना नाही.

अमेरिकेत १० ऑक्टोबरची संध्याकाळ, सोलमध्ये ११ ऑक्टोबरची सकाळ. उरले काही तास.

कंपनी जगभरातल्या सगळ्या विक्रेत्यांना विक्री आणि अदलाबदल दोन्ही थांबवायला सांगते. मालकांनी फोन बंद करावा. जुना असो की बदलून घेतलेला.

हिरव्या चिन्हाला आता अर्थ उरलेला नाही.

सोल, ११ ऑक्टोबर, दुपारी साडेतीन.

शेअर बाजार बंद होतो. सॅमसंग इलेक्ट्रॉनिक्सचा शेअर दिवसभरात ८ टक्क्यांनी खाली आला आहे. २००८ नंतरची ही एका दिवसातली सर्वांत मोठी घसरण.

चीनमध्येही रिकॉल जाहीर होतो: १,९०,९८४ फोन. पहिल्या तक्रारी येऊन २३ दिवस झाले आहेत.

सोल, ११ ऑक्टोबर, संध्याकाळ. शून्य.

नोट ७ चं उत्पादन कायमचं बंद.

न्यूयॉर्कच्या मंचावर आला त्याला ७० दिवस झाले. दुकानात आला त्याला ५३.

त्यानंतर.

१३ ऑक्टोबरला अमेरिकी आयोग रिकॉल वाढवतो. आता सुमारे १९ लाख फोन. पहिल्या रिकॉलनंतर अति तापल्याच्या २३ नव्या तक्रारी आल्या आहेत.

मालकांच्या घरी खोकी येऊ लागतात. खोक्यात खोकं, आत आगीला न जुमानणारं अस्तर, सोबत हातमोजे. फोन बंद करून त्यात ठेवायचा. हे खोकं विमानानं पाठवायचं नाही, फक्त जमिनीवरून.

१४ ऑक्टोबर, शुक्रवार. अमेरिकेचं वाहतूक खातं आणीबाणीचा आदेश काढतं. १५ ऑक्टोबरला दुपारी १२ वाजल्यापासून नोट ७ घेऊन विमानात चढणं हा गुन्हा. बंद करूनही नाही, सामानातही नाही. ज्यांचं शनिवारी दुपारचं तिकीट आहे त्यांच्या हातात एक दिवसही नाही. कंपनी काही विमानतळांवर टेबलं मांडते. प्रवासी तिथे फोन देतात, दुसरा घेतात आणि आपल्या विमानाकडे जातात.

तरीही काही फोन परत येत नाहीत. १९ डिसेंबरपासून अमेरिकेत असं सॉफ्टवेअर पाठवायचं ठरतं की नोट ७ चार्जच होणार नाही. व्हेरायझन ही मोबाइल कंपनी आधी नकार देते: सणाचे दिवस आहेत, लोक प्रवासात आहेत, अडचणीत त्यांच्याजवळ दुसरा फोन नसेल. ती ५ जानेवारीला तयार होते. १८ जानेवारीला व्हेरायझन सांगते की आपले हजारो ग्राहक अजून नोट ७ वापरत आहेत. त्यांनी कुठलाही नंबर फिरवला तरी आपत्कालीन क्रमांक सोडून सगळे कॉल कंपनीच्या ग्राहक सेवेकडे वळवले जाणार आहेत.

सोल, २३ जानेवारी २०१७, सकाळी १०.

को डाँग-जिन पुन्हा पत्रकारांसमोर येतात आणि वाकून माफी मागतात. सुमारे ७०० अभियंत्यांनी २ लाखांवर फोन आणि ३० हजारांवर बॅटऱ्या तपासल्या आहेत. बाहेरच्या तीन संस्थांनी स्वतंत्र तपास केला आहे.

दोष एक नव्हता, दोन होते.

पहिल्या पुरवठादाराच्या बॅटरीत वरच्या उजव्या कोपऱ्यात पाकीट अपुरं होतं. ऋण पट्टीचं टोक तिथे दुमडलं जात होतं. पहिल्या रिकॉलमधले फोन यानं जळाले.

दुसऱ्या पुरवठादाराच्या बॅटरीत पाकीट ठीक होतं. तिथे धन पट्टीला जोडलेल्या पत्र्याच्या वेल्डिंगवर टोकदार कंगोरे राहत होते. ते संरक्षक टेप आणि मधला पडदा भेदून पलीकडे पोचत होते. काही बॅटऱ्यांत ती टेपच नव्हती. ऑक्टोबरमधले फोन यानं जळाले. हिरव्या चिन्हाचे.

सप्टेंबरमध्ये एका बॅटरीत दोष सापडला, म्हणून दुसरी निर्दोष मानली गेली.

विकलेल्या ३० लाख ६० हजार फोनपैकी ९६ टक्के परत आले आहेत, असं कंपनी त्या सकाळी सांगते. उरलेल्या ४ टक्क्यांचा आकडा १ लाख २० हजारांच्या वर जातो.

उत्पादन बंद झाल्यापासून खरं कारण जाहीर व्हायला १०४ दिवस लागले. पहिल्या घोषणेपासून हिरवं चिन्ह यायला लागले होते १७.

लुईव्हिलच्या विमानात बसलेल्या माणसानं रिकॉलची सूचना वाचली होती. दुकानात जाऊन फोन बदलून घेतला होता. चिन्ह तपासलं होतं. कर्मचाऱ्यांनी सांगितलं तेव्हा फोन बंदही केला होता.